उपरण्याखालचा भाव

आमच्या घरमालकांनी आम्हाला वरचा मजला दाखवायच्या आधीच तो सोडायचा कधी, ते सांगून टाकलं. आम्ही दारात उभे, चपला अजून पायात, आणि धोतरातला हा उंच म्हातारा माझ्या नवऱ्याला म्हणतो, "पाच पोया ऱ्हावा. सहावा पोयाले तुमी तुमना सोताना घरमा. मंजूर व्हई ते जिना चढा, नही ते दार उघडंच शे."

मी चोपड्याची, त्यामुळे मला बोली कळली. नवरा नगरकडचा. पाच पोळे म्हणजे पाच वर्षं, आणि सहाव्या पोळ्याला आपण स्वतःच्या घरात असलं पाहिजे, हे मी त्याला जिन्यातच समजावून सांगितलं. घरमालकांना भाडेकरू वेळेवर जायला हवा असतो हे आम्ही ऐकून होतो. पण भाडेकरू स्वतःचं घर घेऊनच गेला पाहिजे, अशी अट घालणारा घरमालक अख्ख्या जळगावात हा एकच असावा.

सगळे त्यांना आबा म्हणत. धुळ्याच्या बैलबाजारात चाळीस वर्षं त्यांनी दलाली केली होती. दलाली चालू असतानाच त्यांनी जळगावात असोद्याच्या रस्त्याला दोन मजली घर बांधून वरचा मजला भाड्यानं दिला, आणि ट्रॅक्टर वाढले, बाजार बारीक झाला, तेव्हा ते स्वतः खाली राहायला आले. असोदा हे अक्कांचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं माहेर. "जलमभर बैल इकात, शेवटले मीच सासरवाडीना खुटाले बांधाई गऊ," असं ते स्वतःच सांगत आणि स्वतःच हसत. अक्का हसत नसत. त्या त्यांच्या असोद्याच्या बोलीत बोलत, आबा धुळ्याच्या अहिराणीत बोलत, आणि इतक्या वर्षांच्या संसारात दोघांपैकी कुणीही आपला शब्द बदलला नव्हता.

लोकांच्या बैठकीच्या खोलीत देव असतात, नाहीतर वाडवडिलांच्या तसबिरी. आबांच्या भिंतीवर सात पाट्या होत्या. नावाच्या, दारावरच्या. एक पत्र्याची, एक पितळी, तीन प्लास्टिकच्या, एक लाकडी आणि एक तर नुसता पुठ्ठा, त्यावर खडूनं गिरवलेलं नाव. जो भाडेकरू स्वतःच्या घरात राहायला गेला, त्याची वरच्या दारावरची पाटी आबा स्वतःच्या हातानं काढून इथं लावत. आलेल्या पाहुण्याला पाणी द्यायच्या आधी ते काठीनं एकेक पाटी दाखवत. "हाऊ तलाठी. हाऊ कापूसना व्यापारी. हाई नर्सबाई, तिसरा पोयालेच गयी, वाघीण!" नर्सबाईंचं नाव घेताना त्यांचा आवाज चढायचाच.

सातवी पाटी औषधाच्या दुकानदाराची होती, आमच्या आधीच्या भाडेकरूची. त्याचा पाचवा पोळा होऊन गेला तरी तो रोज सांगे, "आबा, रेट पडणार आहेत. थोडं थांबतो." आबांनी वाद घातला नाही. त्यांनी वरच्या मजल्याला चुना मारायला काढला, तोही माणसं आत राहत असताना, एकेक खोली करून. दुकानदार, त्याची बायको, दोन मुलं आणि अंथरुणं चार दिवस या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिली. पाचव्या दिवशी त्यानं घराचा बयाणा दिला. त्याच्या पाटीवर चुन्याचा थेंब अजून आहे आणि आबा तो पुसू देत नाहीत.

हा वेडेपणा कशासाठी, हे मी त्यांना एकदा सरळ विचारलं. आबा गच्चीवर मिरच्या वाळवत होते. मान वर न करता म्हणाले, "भाडाना बैल आणा का त्यानी मान कोणी देखत नही, माय. भाडाना घरनंबी तसंच. तू वर खिया ठोकतांना हात आखडता लेस, माले खाले आयकू येस." ते खरं होतं. चार वर्षांत मी त्या घरात एकच खिळा ठोकला होता, तोही दबकत, आणि खाली या माणसानं तो ऐकून ठेवला होता.

पाचवा पोळा उलटला तसे आम्ही घर बघायला लागलो. म्हणजे आजकाल बघतात तसे. नवऱ्याच्या फोनमध्ये तीन अॅप, प्रत्येक अॅपमध्ये आवडत्या घरांची यादी. दर रविवारी तीन-तीन घरं. घरी आलो की नवरा हप्त्याची आकडेमोड करणार, मग त्याचा ऑफिसातला मित्र फोनवर म्हणणार की दिवाळीनंतर बघ, भाव उतरतील. दिवाळीनंतर तोच मित्र म्हणाला, आता वाढणार, घाई कर. आम्ही दोन्ही वेळा त्याचं ऐकलं आणि दोन्ही वेळा काहीच केलं नाही.

विकणाऱ्यांची तऱ्हा तर याहून न्यारी. कुणाचा मुलगा पुण्याला हिंजवडीत, तो फोनवरून पुण्याचा भाव सांगणार आणि बाप तो जळगावात मागणार. कुणी शेजारच्यानं कितीला दिला, त्यात स्वतःच्या मनानं भर घालून मागणार. एकानं तर आम्ही होकारार्थी मान हलवली तशी तिथल्या तिथं किंमत वाढवली. आम्ही इतक्या लवकर हो म्हटलं, म्हणजे आपण कमी मागितलं, असं त्यानं बायकोला आमच्यासमोर समजावून सांगितलं. मला तेव्हा हसू आलं आणि बाहेर आल्यावर रडूही.

शेवटी मे महिन्यात आबा आपण होऊन म्हणाले, "आते मी येस तुमनासंगे." तिथून आमच्या रविवारांची सगळी रीतच बदलली. घर सकाळी बघायला आबांची बंदी. "सकायले बठ्ठीच घरं चांगली दिखतस," म्हणजे सगळीच, असं म्हणून ते बरोबर दुपारी दोनला निघत. जळगावचा मे महिना, दुपारचे दोन. डोक्याला उपरणं गुंडाळलेलं, हातात पाण्याचा तांब्या. घरात शिरले की चपला काढून अनवाणी सगळीकडे चालत, म्हणजे फरशी किती तापते ते तळव्याला कळतं. तांब्यातलं पाणी न्हाणीत ओतत आणि ते कुठे जातं ते उकिडवं बसून बघत. भिंतीवर हात असा ठेवत, जणू बैलाच्या वशिंडावर ठेवला आहे, आणि दोनदा थोपटत. मग अर्धा तास खोलीत नुसते बसून राहत. "शेजार आयकना पडस," म्हणत.

विकणाऱ्याला ते एकच प्रश्न विचारत, "इकतस कसाले?" विकता कशासाठी? उत्तर काय येतं याच्याकडे त्यांचं फारसं लक्ष नसे, उत्तराला किती वेळ लागतो तेवढं ते बघत. बैलाचे दात मग बघावेत, आधी मालकाचे डोळे बघावेत, हा त्यांचा बाजारातला शिरस्ता होता.

एकदा आम्ही नव्या बांधकामाचा सॅम्पल फ्लॅट बघायला गेलो. गार हवा, खोटी फळं, भिंतीएवढा आरसा. टाय लावलेल्या मुलानं आम्हाला सोफ्यावर बसवून सांगितलं, "सर, फक्त दोनच युनिट उरलेत." आबांनी फ्रिज उघडून पाहिला. तो रिकामा आणि बंद होता. मग त्या मुलाजवळ जाऊन अगदी मायेनं म्हणाले, "बेटा, बाजारमा मीबी असंच सांगू. दोनच बैल ऱ्हायनात. मांगे झाडखाले चाळीस बांधेल ऱ्हायेत." तो मुलगा ओशाळून हसला. निघताना त्यानं आबांना वाकून नमस्कार केला, हे मात्र सांगितलं पाहिजे.

गिऱ्हाइकाबद्दलचं आबांचं मत तर मला फार लागलं होतं. माझा नवरा कुठल्याही घरात गेला की "छान आहे, छान आहे" म्हणे. आबा मला बाजूला घेऊन सांगत, "तुना नवरा नावं ठेवत नही. म्हणजे त्याले लेनं नही. ज्याले बैल लेना ऱ्हास, तो त्यानी शेपटीलेबी नावं ठेवस." मला राग यायचा, पण मनात कुठेतरी हिशेब पटायचा.

म्हणूनच त्या रविवारी काय झालं ते मला नीट आठवतं. कॉलेजच्या मागच्या सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावरचं घर. विकणारे एक निवृत्त मुख्याध्यापक आणि त्यांची बायको. त्यांना सगळे सर आणि बाई म्हणत, आम्हीही म्हणायला लागलो. मी कॉलेजात गणित शिकवते, तिथून हे घर पायी पाच मिनिटांवर. दुपारचे दोन वाजले होते आणि पुढच्या खोलीत चक्क वारा होता. आबांचं पाणी न्हाणीत सरळ मोरीकडे गेलं. भिंतीवर हात ठेवून ते जरा जास्तच वेळ उभे राहिले. आणि माझा नवरा म्हणाला, "ओटा फारच लहान आहे. गॅलरीचं दार जुनाट आहे. आणि ही खिडकी अशी का?"

आबांनी मला कोपरानं ढोसलं. "याले आवडनं," ते पुटपुटले.

मग त्यांनी सरांना विचारलं, "इकतस कसाले?" सर लगेच सावरून बसले आणि गुंतवणूक, बदलता काळ, नाशिकला लेकीजवळ असलेल्या सोयी यावर बोलायला लागले. वर्गात बोलावं तसं, मुद्दे पाडून. बाई आतल्या दारात खुर्चीवर बसल्या होत्या. सरांचा दुसरा मुद्दा चालू असताना त्या एवढंच म्हणाल्या, "गुडघे."

सोसायटीला लिफ्ट नाही. बाईंचे दोन्ही गुडघे गेलेले. नाशिकला लेकीचं घर तळमजल्यावर आहे, तिथं पुढे अंगणही आहे. घर विकायला काढून सव्वा वर्ष झालं होतं, आणि या सव्वा वर्षात डॉक्टरकडे जाण्यापलीकडे बाई खाली उतरल्या नव्हत्या. मग घर विकलं का जात नव्हतं? तर सरांनी घराची किंमत सोसायटीच्या वार्षिक सभेत सगळ्यांसमोर सांगितली होती. पुढे सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींच्या ग्रुपवरही टाकली. ती किंमत त्यांच्या पुण्याच्या मुलानं काढून दिलेली. तेवढी कुणी देत नव्हतं, आणि त्यातला एक रुपया कमी करणं म्हणजे रोज सकाळी चौदा माणसांसमोर मान खाली घालून फिरणं, असं सरांना वाटत होतं.

सरांना हसायला मी मोकळी होते, पण माझ्या नवऱ्यानं तरी काय वेगळं केलं होतं! त्यानं आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर आपली मर्यादा जाहीर केली होती, "यापुढे एक रुपया नाही." त्यावर थोरल्या दिरांपासून नगरच्या आत्यापर्यंत सगळ्यांनी अंगठे दाखवले होते. आता तेवढ्या अंगठ्यांसमोर तो माघार कसा घेणार?

पुढचे तीन रविवार हे दोघे समोरासमोर बसले. पोहे झाले, राजकारण झालं, केळीवरचा रोग झाला. मग सर म्हणत, "माझा आकडा तुम्हाला माहीत आहे." नवरा म्हणे, "माझाही तुम्हाला माहीत आहे." मग दोघं पंख्याकडे बघत बसत आणि बाई चहा ठेवायला भिंत धरत उठत. तिसऱ्या रविवारी त्या उठताना कळवळल्या, आणि मला दोन्ही पुरुषांचा असा संताप आला की मी चहाला नाही म्हणून खाली निघून आले. मला तेच घर हवं होतं. सहावा पोळा अडीच महिन्यांवर आला होता, आणि आमच्यामुळे आबांच्या भिंतीवर एक जागा मोकळी राहणार असं दिसत होतं.

आबांना मी सगळं सांगितलं. ते ऐकत असताना अक्का शेजारी वांगी भाजत होत्या. आबांनी काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाले, "भाव तोंडवाटे निंघना का तो भाव ऱ्हात नही, माय. ती इज्जत व्हई जास. मंग माणूस इज्जत कशी कमी करी? म्हणीसन आमना बाजारमा तोंड बंद, हात चालू."

बैलबाजारात सौदा बोलून होत नाही हे मला लहानपणापासून माहीत होतं. दलाल आपल्या हातावर उपरणं टाकतो, त्याखाली विकणाऱ्याचा हात धरतो, घेणाऱ्याचा धरतो, आणि किती बोटं दाबली यावरून भाव पुढे मागे होतो. भोवती शंभर माणसं उभी असली तरी आकडा कुणाला कळत नाही. कमी केलं तरी कुणी पाहिलेलं नसतं, वाढवलं तरी कुणी ऐकलेलं नसतं. आबांचं ते उपरणं अजून होतं. मूळचं पांढरं, लाल काठाचं, आता चहाच्या रंगाचं. ते धुवायला मात्र त्यांनी अक्कांना कधीही दिलं नाही. चाळीस वर्षांचे सौदे साबणात जातील, असं त्यांचं म्हणणं.

गुरुवारी दुपारी दोनला आम्ही सगळे सरांच्या घरी जमलो. अक्का बाईंसाठी डब्यात भरीत घेऊन आल्या होत्या. आबांनी मधल्या पलंगावर बसून मांडीवर उपरणं पसरलं, तेव्हा सर जरा हसले. पण उत्सुकता त्यांनाही होतीच. त्यांनी बाही वर करून हात पुढे केला.

आबांनी तो बाजूला सारला. माझ्या नवऱ्यानं हात पुढे केला, तोही सारला.

"तुमना दोन्हीसना हात आते कामना नही," आबा म्हणाले. "तुमी तोंडवाटे बोली चुकनात."

"मग सौदा काय भिंतींनी करायचा?" सर तडकले.

आबांनी काठी आधी बाईंकडे दाखवली, मग माझ्याकडे. "घर यासनाबी नावावर शे. आणि यासनी आजपावत आकडा तोंडवाटे काढेल नही."

घर सर आणि बाई दोघांच्या नावावर होतं, आम्हीही दोघांच्या नावावर घेणार होतो, पण किंमत किती असावी हे आजवर ना कुणी बाईंना विचारलं होतं ना मला. बाई खुर्चीवरून उठून पलंगावर येऊन बसल्या. मीही बसले. आबांनी उपरणं हातावर घेतलं, बाईंकडे हात नेला आणि मध्येच थबकले. त्यांचे कान लाल झाले होते. चाळीस वर्षांत या उपरण्याखाली बाईमाणसाचा हात आला नव्हता, आणि परक्या बाईचा हात धरायचा कसा, हा प्रश्न या बहाद्दराला ऐन वेळी पडला होता.

"सरका," अक्का म्हणाल्या.

त्यांनी डबा खाली ठेवला, पदराला हात पुसले आणि आबांच्या हातातून उपरणं काढून घेतलं.

"तुले काय येस त्यानंमा?" आबा दचकून म्हणाले.

"चाळीस वरीस रोज जेवतांना माह्या बोटायवर बाजार कोन सांगत होता? हा बैल इतक्यात गेला, तो तितक्यात गेला. मले सारं येते. तुमी तिघं गॅलरीत जा."

आणि ते तिघं खरंच गेले. आपला सौदा दुसऱ्याच्या हातात सोपवून बैलबाजाराचा दलाल गॅलरीत उभा राहिला. काचेतून मला आबांची पाठ दिसत होती. ते वळून बघत नव्हते, पण मान सारखी वळू बघत होती.

अक्का आम्हा दोघींच्या मध्ये बसल्या. उजवा हात बाईंना, डावा मला, वरून उपरणं. बोटांची भाषा त्यांनी दोन वाक्यांत शिकवली, जेवढी बोटं दाबली तेवढा आकडा, दुमडलं ते वजा, आणि म्हणाल्या, "आता बोलायचं नही. हसायचंबी नही." पहिल्यांदा बोटं दाबली तेव्हा बाईंना गुदगुल्या झाल्या आणि त्या हसल्याच. मग त्यांचा चेहरा स्थिर झाला. अक्कांचा तळवा खरखरीत आणि गरम होता. त्यांचा चेहरा मात्र कोरा. बाईंकडून काय आलं ते माझ्या बोटांना कळायचं, माझ्याकडून काय गेलं ते त्यांच्या. मला जन्मभर गणित येतं असं वाटत होतं, पण आकडा असा कातडीला लागतो, हे मला तिथं पहिल्यांदा कळलं.

एकदा वर, एकदा खाली. दुसऱ्यांदा वर, दुसऱ्यांदा खाली. चौथ्या फेरीला बाईंनी जो आकडा पाठवला तो आम्हाला परवडणारा होता. नवऱ्याच्या मर्यादेच्या वर आणि सरांच्या हट्टाच्या खाली, अगदी बरोबर. मी फक्त बोटं दाबून हो म्हणायचं होतं. बाई त्या वेळी माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या बाहेरच्या दाराकडे, जिन्याकडे बघत होत्या.

का ते मला सांगता येणार नाही, पण मी हो म्हणताना एक बोट जास्त दाबलं. आपण होऊन, वर. अक्कांनी पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांनी विचारलं, चुकून? मी मान हलवली, नाही. त्यांनी ते बोट पुढे नेलं.

बाईंनी डोळे मिटले. मग अक्कांच्या हातातून माझ्याकडे निरोप आला. ते वरचं बोट दुमडलेलं होतं. बाईंनी ते परत पाठवलं होतं.

अक्कांनी उपरण्याखाली आमचे दोघींचे हात एकमेकींत दिले आणि मोठ्यानं म्हणाल्या, "जमलं!" गॅलरीचं जुनाट दार धाडकन उघडलं. पहिले आबा आत आले.

खरेदीखतात आकडा लिहावा लागतो, आणि सह्या करताना सरांनी आणि माझ्या नवऱ्यानं तो वाचलाही. दोघांनी एकाच वेळी चष्मे पुसले आणि एकाच वेळी सही केली. पण तोंडानं तो आजवर कुणीच उच्चारलेला नाही. सर सकाळच्या मंडळींना सांगतात, "माझ्या मनासारखं झालं." नवऱ्यानं कुटुंबाच्या ग्रुपवर लिहिलं, "मनासारखं झालं." त्यावर अंगठेही आले. दोघांच्या माना ताठ राहिल्या आणि बाई महिन्याभरात तळमजल्यावर राहायला गेल्या. पहिल्या आठवड्यात त्यांनी फोटो पाठवला. अंगणात उभ्या, एका हातात काठी, दुसऱ्या हातात पाण्याची झारी. मी तो फोटो वर्गात शिकवता शिकवता तीनदा उघडून पाहिला.

सहाव्या पोळ्याच्या आठ दिवस आधी आम्ही राहायला गेलो. आमची पाटी आबांनी स्वतःच काढली. स्क्रू गंजला होता, तरी कुणाला हात लावू दिला नाही. आठवी पाटी त्यांनी भिंतीवर मधोमध लावली आणि बाकीच्या सात बाजूला सरकवल्या. नव्या घरात मी त्या दिवशी सहा खिळे ठोकले, दणदण, हात न आखडता.

पोळ्याला आबा आणि अक्का जेवायला आले. पाटावर मातीचे बैल मांडले होते, पुरणपोळ्या झाल्या होत्या. जेवण झालं तरी आबा उठेनात. त्यांचा प्राण कशात अडकला होता ते मला माहीत होतं. चाळीस वर्षांत हाच एक सौदा असा होता, ज्याचा आकडा त्यांना ठाऊक नव्हता. खरेदीखत दाखवते म्हटलं तर "कागद वाचाना नही, ती चोरी शे," म्हणून त्यांनी तोंड फिरवलं होतं. अक्कांना रोज विचारत होते, आणि त्या रोज "माह्या उपरण्याखालचं मी कायले सांगू?" असं म्हणून भाकरी उलटत होत्या.

आबांनी खांद्यावरचं उपरणं काढलं. ते आपल्या उजव्या हातावर पसरलं. क्षणभर थांबले, कान लाल झालेच, आणि मग हात माझ्यापुढे केला.

"आते तूच सांग, माय."

मी उपरण्याखाली हात घातला. आकडा सांगितला. त्यांनी मान हलवली, चांगला सौदा, दोन्हीकडून चांगला. ते हात काढून घेणार, तेवढ्यात मी त्यांचं एक बोट आणखी दाबलं, वरचं. त्यांच्या कपाळाला आठी पडली. मग तेच बोट मी हळूच दुमडून त्यांच्या तळव्यात परत ठेवलं.

आबांना सगळं कळलं. मी वाढवलं होतं आणि बाईंनी परत केलं होतं, हे एक शब्दही न बोलता त्यांना कळलं. त्यांनी माझा हात सोडला नाही. डोळ्यांतलं पाणी पुसायला त्यांना दुसरा हात होता, पण तेही त्यांना सुचलं नाही.

"चाळीस वरीस," शेवटी ते म्हणाले, "चाळीस वरीस बाजार करा मी. आसा सौदा माले कधी करता नही उना."

मग ते उठले, उपरण्याची नीट घडी घातली आणि अक्कांच्या खांद्यावर ठेवली. "आजपाइन हाई तुनं. दलाल तू."

अक्कांनी घडी हातात घेऊन उलटसुलट पाहिली, नाकाजवळ नेली आणि पिशवीत टाकली.

"पैले धुवा लागन," त्या म्हणाल्या.